आधी बूट, मग बोट : ठाणे खाडी ते घारापुरी

बुधवार, माघ पौर्णिमा. नौपाडा, ठाणे

घारापुरीची लाँच पुढच्या मंगळवारची, पण प्रवास आजच सुरू होतो, माळ्यावरून बॅगा खाली काढण्यापासून. बेटावर नको ते, म्हणजे बाहेरचं बी, मुंगी, उंदीर, पोचतं ते बहुतेक वेळा माणसाच्या सामानातून. धक्क्यावर ते शोधायला कुणाला वेळ असतो? मागे रांग, समोर हलती लाँच, एका हातात तिकीट, दुसऱ्या हातात पोर. तिथे बॅग उघडून बघणं म्हणजे नुसती औपचारिकता. तपासणी घरीच व्हायला हवी, आणि तीही किमान दोन दिवस आधी, कारण धुतलेले बूट नीट वाळायला तेवढा वेळ लागतो.

लागणारं सामान घरातलंच : दोन बादल्या, भांडी घासायचा कडक नायलॉनचा ब्रश, एक जुना टूथब्रश, दाभण, रुंद चिकटपट्टी, टॉर्च, कपडे धुण्याची पावडर आणि एक जुनी पांढरी चादर. चादर पांढरीच हवी. फुलाफुलांच्या चादरीवर मुंगी आणि बी दोन्ही हरवतात.

आधी बूट. इथे बहुतेक जण सरळ नळाखाली बूट धरतात आणि चुकतात. चिखल ओला झाला की तळव्याच्या खाचांत आणखी घट्ट बसतो, बीही त्याच्यासोबत आत जातं. म्हणून पहिल्यांदा कोरडं काम. वर्तमानपत्रावर बूट आपटायचे, खाचा दाभणाने कोरायच्या, शिवणीत आणि जिभेखाली टूथब्रश फिरवायचा. जे पडेल ते कागदात गुंडाळून बंद पिशवीत घालायचं आणि पिशवी सुक्या कचऱ्यात टाकायची. त्यानंतर पहिल्या बादलीत पावडरचं पाणी करून घासायचं आणि दुसरीत खळबळायचं. बादली ओतताना तोंडावर जुन्या धोतराचं फडकं धरायचं, म्हणजे उरलंसुरलं बी गटारात जात नाही. ठाण्याचे नाले शेवटी खाडीलाच मिळतात.

मग तळवे उन्हाकडे करून ४८ तास. या ४८ तासांबद्दल एक गैरसमज पक्का आहे. सुकवल्याने शेवाळ, पाणवनस्पतीचा तुकडा आणि ओलीवर जगणारे बारीक जीव मरतात. बी मरत नाही. बियाचा तर धर्मच सुकून वाट बघण्याचा. ते हातानेच काढावं लागतं, ऊन ते काम करणार नाही.

मोज्यांना आणि पँटच्या घोट्याला काय लागलंय ते बघण्यासारखं असतं. येऊरला एक फेरी झालेली असेल तर आघाड्याची उलटी बोंडं आणि कुसळी गवताची कुसळं हमखास सापडतात. कुसळ तर स्क्रूसारखं फिरत कापडात शिरतं, ओढलं की मोडतं आणि टोक आत राहतं. ते चिमट्याने, शिरलं त्याच दिशेने पुढे काढायचं. दिसणार नाही ते गाजर गवताचं बी. हे गवत पुण्यात १९५५ च्या सुमारास पहिल्यांदा नजरेत आलं, परदेशी धान्याबरोबर आलं असं मानतात, आणि आज एकेक झाड हजारोंनी बी टाकतं. त्यासाठी रुंद चिकटपट्टी हातावर उलटी गुंडाळून मोज्यांवर आणि बुटाच्या वेल्क्रोवर दाबायची. वेल्क्रो हा सगळ्यात वाईट अड्डा. त्यातलं बी सुईनेच निघतं. नवे बूट घेताना नाडीचेच घ्यावेत.

बॅगा शेवटी. सगळे कप्पे उघडे टाकून बॅग चादरीवर उलटी करायची, शिवणींवर बाहेरून थापट्या मारायच्या, मग आत टॉर्च. बिस्किटाचा चुरा पडतो, त्यामागून मुंग्या. मिटलेल्या छत्रीतून कधीकधी पाल. आपल्या भिंतीवरची ही पाल जहाजांतून आणि सामानातून पॅसिफिकच्या बेटांवर पोचली आणि तिथल्या मूळच्या पालींना दिव्याखालच्या जागेवरून तिने हुसकावलं. इथे ती घरची, तिथे ती पाहुणी म्हणून येऊन मालकीण झालेली.

रात्री माळ्यावर चावपत्ती लावली. बेटांवर उंदीर आहेत का हे ओळखायची ही साधी युक्ती, पण बॅगा ठेवायच्या जागी घरातही ती लावावी. निवडणुकीचे फलक करतात त्या पोकळ नळ्यांच्या प्लास्टिक बोर्डाचा ९ बाय १८ सेंटिमीटरचा तुकडा घ्यायचा. शेंगदाण्याचा कूट तेलात मळून कडेच्या नळ्यांत सुरीने दोन-तीन सेंटिमीटर आत दाबायचा. तुकडा मधोमध दुमडून चिकटपट्टीने लावायचा, झाडावर असेल तर जमिनीपासून वीतभर उंचीवर खिळा ठोकायचा. कूट वर थापला तर मुंग्या एका रात्रीत तो साफ करतात आणि दाताची खूण उरत नाही. तो नळ्यांच्या आतच हवा, म्हणजे खायला येणाऱ्याला प्लास्टिक चावावंच लागतं.

गुरुवार. मासुंदा तलाव

बूट गच्चीवर, म्हणून आज चप्पल. तलावपाळीवर सकाळी सातला पोचलं की काठावर फिरणाऱ्यांची गर्दी असते, पण पाण्यात अजून हालचाल नसते. तलावाच्या मधोमध एक छोटं बेट आहे, त्यावर शंकराचं मंदिर. शहराच्या मध्यावरचं हे बेट चारही बाजूंनी पाण्याने वेढलेलं आणि त्या पाण्यात जे सोडलं जातं त्याने वेढलेलं.

तलावात सोडलेली कासवं बहुतेक वेळा एकाच जातीची असतात : अमेरिकेतली लाल कानाची, दुकानातली ‘लकी’ कासवं. विकत घेताना दहाच्या नाण्याएवढी, काही वर्षांत जेवणाच्या ताटाला टेकणारी. कवच २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतं आणि आयुष्य तीस वर्षांच्या घरात जातं. काचेच्या वाडग्यात पोराच्या वाढदिवसाला आणलेलं कासव मुलगा कॉलेजला गेला तरी हयात असतं, आणि त्याचा वास घरभर पसरलेला असतो. मग कुणीतरी म्हणतं, सोडून देऊ, पुण्य लागेल.

ओळख पटवायला दुर्बीण लागत नाही. काठाच्या दगडावर उन्हात चढून बसलेलं दिसलं तर आधी डोळ्यामागे पाहावं. तिथे लाल पट्टा असला तर ते परदेशी. वय झालं की पट्टा काळवंडतो, तेव्हा पोटाकडची पिवळी बाजू आणि तिच्यावरचे गडद डाग बघायचे. आपलं मूळचं पाठ मऊ असलेलं कासव वेगळंच असतं : अंगाला चिकटलेलं गोलसर कवच, डुकरासारखं पुढे आलेलं नाकाडं, मागचे पाय आत घेतले की त्यांच्यावर कातड्याची झडप बसते. ते वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे घरी ठेवणं गुन्हा. लोक बरोबर उलटं करतात. परदेशी कासव तलावात सोडतात आणि देशी घरी आणतात.

परदेशी कासव पाण्यात काय करतं? ऊन खायच्या जागा अडवतं, कारण ते अंगाने मोठं आणि धीट. पाणवनस्पती, बेडकांची पिल्लं, गोगलगायी, मेलेले मासे, काहीच सोडत नाही. शिवाय साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू बाळगतं. अमेरिकेत लहान मुलं आजारी पडत होती म्हणून चार इंचांहून लहान कासवं विकायला १९७५ मध्ये बंदी आली. ज्या देशातून ही जात जगभर गेली, तिथेच. आपल्याकडे २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यात परदेशी आक्रमक जातींची आयात, विक्री आणि बाळगणं रोखायचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला आहे. कायदा कागदावर आला म्हणून घरातलं कासव लहान होत नाही, एवढंच.

नको झालेल्या कासवाचं काय करायचं, हा प्रश्न काठावर दरवेळी कुणीतरी विचारतंच. तलाव नाही, मंदिराचं कुंड नाही, खाडी तर नाहीच. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा आणि प्राणी कुणी घेतो का ते विचारायचं. तोवर खोल प्लास्टिकच्या टबात, बाहेर चढायला एक वीट ठेवून, झाकणाला भोकं पाडून. उशीर लागतो. लागू द्या.

मासे आणि शोभेच्या वनस्पतींचं आणखी अवघड, कारण ते ‘सोडले’ असं कुणाला वाटतच नाही. टाकी धुतली, पाणी मोरीत, मोरीतून नाल्यात. टाकीची काच चाटणारा, दुकानात ‘सकर’ नावाने मिळणारा मासा असाच बाहेर पडतो. अंगावर हाडांची चिलखतं, काटे ताठ, पक्ष्याच्या घशात अडकणारा. शिवाय अंडी घालायला काठाच्या मातीत बिळं पाडतो. टाकी रिकामी करताना पाणी कुंड्यांत ओतावं किंवा सुक्या मातीत. वनस्पती उन्हात कागदावर पसरून कडकडीत वाळल्या की मगच ओल्या कचऱ्यात टाकाव्यात. जलपर्णीचा बोटभर तुकडा तग धरला तर तळं झाकायला पुरतो.

चुकून काय होऊ शकतं याचं ताजं उदाहरण अंदमानचं. पावसाळ्यात पिवळाधम्मक होणारा आपला मोठा बेडूक, कोकणात शेतात ज्याचा घोगरा आवाज ऐकू येतो तो. मत्स्यशेतीच्या बीजाबरोबर तो अंदमानात पोचला. त्याची पिल्लं मांस खातात, म्हणून स्थानिक बेडकांची पिल्लं त्याच डबक्यात टिकत नाहीत. मोठा बेडूक सरडे गिळतो, वर कोंबडीची पिल्लंही. कुणी मुद्दाम नेला नाही. माशांच्या पिशवीत पाणी होतं, पाण्यात तो होता.

शुक्रवार

बूट दुपारी उलटले, आतून अजून दमट, परत गच्चीवर. माळ्यावरच्या चावपत्तीच्या एका कोपऱ्यावर जोडीने दोन खाचा. उंदरांचे दात जोडीने चालतात, म्हणून खूण दोन समांतर चरांची उमटते. खाचा बारीक असल्या तर घरातला छोटा उंदीर, ठसठशीत आणि कड तोडलेली असली तर मोठा किंवा घूस. बॅगा माळ्यावरून हॉलमध्ये आल्या, चेन बंद, दिवाणावर. जमिनीवर ठेवल्या असत्या तर बुधवारची सगळी मेहनत फुकट.

गोंदाचा सापळा लावू नये. त्यात उंदराआधी पाल आणि खिडकीतून आलेली चिमणी अडकते. विष तर नकोच : ते खाऊन लडखडणारा उंदीर गव्हाणी घुबडाच्या तोंडी पडला की घुबडही जातं.

शनिवार, तृतीया. ऐरोली

खाडीत बोटीने जायचं तर आधी तिथी बघायची. कोळी-आगरी घरांत ठाऊक असलेला ठोकताळा असा : तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ. तृतीया म्हणजे सव्वादोन. ठोकताळा मुंबई बंदराचा, ऐरोलीला पाणी थोडं उशिरा चढतं. रोज साधारण पाऊण तास पुढे. अमावास्या-पौर्णिमेजवळ उधाण, अष्टमी-नवमीला भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. पूर्ण ओहोटीला बोट चिखलात अडते, पूर्ण भरतीला पक्षी उठून दुसरीकडे जातात. म्हणून चढत्या पाण्यातली साडेअकराची फेरी धरली.

ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्राकडून निघालं की दोन्ही बाजूंना तिवरांची भिंत लागते. पानांच्या मागच्या बाजूला मीठ साठतं, बोट फिरवलं की लागतं. मध्ये मारंडीच्या झुडपांचे काटे. काठाच्या चिखलावर निवट्या मासोळ्या उड्या मारतात आणि एकमेकींवर पंख उभारून ओरडल्यासारखं करतात. खाडीचं हे पात्र २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झालं, १६.९ चौरस किलोमीटर, आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत आलं.

फ्लेमिंगोंचा मोठा थवा अर्ध्या पाण्यात उभा होता. लहान फ्लेमिंगो, चोच गडद, जवळजवळ काळपट लाल. डोकं उलटं करून चोच पाण्यात, आणि जीभ पंपासारखी चालवत शेवाळ गाळतात. मध्येच एखादा मोठा, अंगाने पांढरट, पाय लांब. बोटवाल्या काकांनी इंजिन आधीच बारीक केलं. मोठ्याने हाका मारणाऱ्या एका मुलाला ते एवढंच म्हणाले, ‘बाळा, त्यांचं जेवण चाललंय.’

बोटीवरून दिसणारं सगळ्यांना दिसतं. बोटीखाली जे आहे त्याबद्दल बोलायला हवं. काठावर ओढून ठेवलेल्या बोटीच्या तळाला हात लावला तर कालवांचे धारदार कवच लागतात, बार्नॅकल म्हणजे घट्ट चिकटणारे कवचवाले जीव लागतात आणि त्यांच्या मधे नखाएवढ्या काळपट शिंपल्या झुपक्याने. शिणाण्यांची पिल्लं समजून लोक सोडून देतात, पण कधीकधी ती कॅरिबियनमधली परदेशी शिंपली असते. मुंबईच्या गोद्यांत ती सत्तरच्या दशकापासून नोंदली आहे. दोन-अडीच सेंटिमीटरची ही शिंपली गोड्या-खाऱ्या दोन्ही पाण्यांत जगते, म्हणून खाडी तिला घरासारखी. जहाजाच्या तळाला चिकटून किंवा तोल राखायला टाक्यांत भरलेल्या समुद्राच्या पाण्यातून ती येते. जहाजांनी ते पाणी बंदरात ओतण्याआधी निर्जंतुक करायचा आंतरराष्ट्रीय करार २००४ चा, तो लागू झाला २०१७ च्या सप्टेंबरात. तेरा वर्षं कागदात गेली.

ती एकदा पसरली की काय करावं लागतं? ऑस्ट्रेलियात डार्विनला १९९९ मध्ये ती तीन मरीनांत, म्हणजे छोट्या बोटींच्या बंदिस्त बंदरांत, सापडली. मरीना बंद केल्या आणि क्लोरीन व मोरचूद ओतून आतलं सगळं जिवंत मारलं, तेव्हा सुटका झाली. ते जमलं, कारण मरीनांना दारं होती. ठाण्याच्या खाडीला दार नाही.

म्हणून छोट्या बोटींसाठी एवढंच हातात उरतं : बोट पाण्यातून बाहेर, भरतीच्या रेषेच्या वर ओढून खरवडायची. खाली ताडपत्री अंथरायची. खरवडलेला कचरा ताडपत्रीत गुंडाळून उन्हात ठेवायचा, पाण्यात लोटायचा नाही. लोटला तर अर्धमेल्या शिंपल्या तळाशी बसून तिथेच पिल्लं सोडतात. इंजिनच्या थंड पाण्याची नळी, दोर आणि नांगराचा साखळदंड यांतही अळ्या राहतात. ते गोड्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं. एका खाडीतली बोट ट्रॉलीवरून दुसऱ्या तळ्यात न्यायची असेल तर हे आधी, मग रस्ता.

रविवार, चतुर्थी. नेरूळ

भरती तीनला, म्हणून पाम बीच रस्त्यालगतच्या पाणथळी अडीचला. खाडीचा चिखल बुडाला की फ्लेमिंगो इथे येऊन एका पायावर झोपतात. इथे पाहण्यासारखं म्हणजे पक्ष्यांहून कुत्रे. संध्याकाळी फिरायला आणलेला लाब्राडोर कठड्यापलीकडे सोडला जातो, तो पाण्यात धावतो, थवा उठतो, लोक मोबाइल काढतात. ‘आमचा काही करत नाही हो’ हे खरंच असेल. पक्ष्याला ते माहीत नसतं. प्रत्येक उड्डाणाला त्याने गाळलेल्या शेवाळाची किंमत पडते, आणि एप्रिल-मेपर्यंत त्याला परतीच्या उड्डाणासाठी चरबी साठवायची असते.

पट्टा दोन मीटरचा असावा, आपोआप लांबणारा नको. त्याचं कुलूप ओढीने सुटतं आणि पाच मीटरच्या आत थवा असतो. कुत्र्याला रेबीजची लस आणि डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचा समावेश असलेली एकत्रित लस, दोन्हींचे वर्षाचे बूस्टर चुकवू नयेत. खाडीकाठच्या तिवरांत सोनेरी कोल्हे राहतात. रात्री ते वस्तीच्या कचऱ्यापर्यंत येतात, कुत्र्यांशी त्यांची गाठ पडते. रोग दोन्ही बाजूंनी जातो. कुत्र्याला डॉक्टर आहे, कोल्ह्याला नाही.

मांजर इथे दिसत नाही, पण असतं. काठच्या झुडपातल्या पिल्लांच्या घरट्यापर्यंत ते पोचतं तेव्हा दिवस मावळलेला असतो.

सोमवार

घारापुरीची लेणी सोमवारी बंद. नेरूळचा चिखल लागलेले बूट खाडीचे म्हणून बाजूला, बुधवारी धुतलेले बूट बेटाचे. दोन जोड लागतात, हा खर्च टळत नाही. एकच जोड असेल तर आजची सुट्टीही कमी पडते, आतून वाळायला.

डबे घट्ट झाकणाचे घेतले. पुठ्ठ्याची खोकी नाहीत. त्यांच्या नळीदार थरांत झुरळांची अंडी आणि मुंग्या राहतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. रोपं, कुंड्या, माती काहीच न्यायचं नाही. नातेवाईकाला तुळस द्यायची असेल तर बी द्यावं.

कुंडीच्या मातीचा आग्रह का? आफ्रिकन गोगलगाय म्हणून. ती १८४७ मध्ये कोलकात्याला आणली गेली, तिथून देशभर झाली. मातीत बोटभर खोल शेकड्याने अंडी, साबुदाण्यासारखी, पिवळट पांढरी. रोप नेणाऱ्याला ती खताच्या गोळ्या वाटतात. कवच हातभर नाही, पण वीतभर होऊ शकतं. ती सापडली तर हातमोजे घालूनच उचलायची, कारण तिच्यातला जंत मेंदूपर्यंत जातो. पावसानंतर संध्याकाळी गोळा करायच्या, दाट मीठपाण्याच्या बादलीत टाकायच्या, मग खोल पुरायच्या. मीठ सरळ जमिनीवर फेकणारे लोक गोगलगाईबरोबर मातीही मारतात.

मंगळवार, षष्ठी. घारापुरी

षष्ठीची भरती साडेचारला, म्हणून सकाळी पाणी उतरलेलं. ठाण्याहून लोकलने सीएसएमटी, तिथून गेटवे. लाँचवर चढताच चिप्सची पाकिटं विकायला येतात, खाण्यासाठी कमी आणि कुरवांना फेकण्यासाठी जास्त. कुरव वरच्या वर झेलतात, फोटो छान येतो. निम्मं मात्र डेकवर पडतं, फळ्यांच्या फटीत जातं, आणि रात्री लाँच धक्क्याला बांधलेली असताना त्या फटीत कुणी येतं याचा विचार तिकीट काढलेल्या माणसाने करावा असं मला वाटतं. उंदीर लाँचवर येतो तो या चुऱ्यासाठीच.

समोरच्या बाकावरच्या एका ताईंच्या पिशवीतून पॉमेरेनियनचं डोकं बाहेर आलं. ‘ताई, खाली उतरवू नका हं, माकडं आहेत वर,’ असं शेजारच्या आजींनी सांगितलं. हे कारण तिथल्या तिथे पटणारं. घरट्याचं आणि रोगाचं कारण सांगायला लाँच फारच लहान असते.

धक्का लांबलचक, दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडलेला. त्यावर तुतवार चोच खुपसत होते. लेण्यांच्या पायऱ्यांवर दुकानांची रांग, दुकानांखाली कुत्रे, झाडांवर माकडं. बाटली हातातून हिसकावून झाकण फिरवून पिणं माकडांना जमतं, म्हणून पाण्याची बाटली बॅगेत आणि खाणं तर बाहेर काढायचंच नाही. कुत्र्यांची संख्या ठरते उष्ट्यावर. पर्यटक बिस्किटं घालतात, पावसाळ्यात पर्यटक कमी होतात, कुत्रे तेवढेच उरतात आणि मग घरट्यांकडे, घोरपडीकडे वळतात. दया करायची असेल तर खाणं परत न्यावं.

बेटावर राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही तीन गावं. माणसाची वस्ती शतकांची, म्हणजे उंदीर आणि मांजर इथे लेण्यांइतकेच जुने असू शकतात. मग तपासणीचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर बरोबर विचारलं. उपयोग तीन : पुढचा पाहुणा अजून आलेला नाही तो येऊ नये. इथून बॅगेत बसून काही पुढच्या बेटावर जाऊ नये. आणि ज्या बेटावर अजून उंदीर नाही तिथे जायची वेळ आली तर हात सवयीचे असावेत.

बोट बांधताना काय करावं, ते धक्क्यावर उभं राहून सोप्या गणितात कळतं. काळा उंदीर दोरावरून सहज चढतो. मोठ्या जहाजांच्या दोरांवर पत्र्याची गोल तबकडी बसवतात, दोर मधल्या छिद्रातून जातो. तबकडी चांगली मोठी हवी आणि धक्क्यापासून इतकी दूर, की उंदराला पलीकडे उडी घेता येऊ नये. छोटी तबकडी तो सहज ओलांडतो. छिद्र दोरापेक्षा मोठं राहिलं तर त्यातूनच जातो.  माल उतरवणाऱ्या छोट्या होड्यांना तबकडी जमत नाही. रात्री होडी धक्क्याला बांधून न ठेवता नांगर टाकून पाण्यात थांबवणं हा सोपा उपाय. तांदळाच्या गोणी, भाजीची करंडी धक्क्यावरच झटकून, उलटून, मग डोक्यावर.

कारण असा एखादा प्राणी बेटावर पोचला की काय होतं, ते न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर दिसलं. दीपस्तंभ १८९४ मध्ये सुरू झाला, त्याच्या आसपास मांजरं आली, आणि उडता न येणारा चिमणीएवढा एक रेन पक्षी एक-दोन वर्षांत संपला. मांजराने आणून टाकलेल्या मेलेल्या पक्ष्यांवरूनच तो शास्त्राला माहीत झाला. एकाच मांजराने तो संपवला ही गोष्ट सांगायला छान, पण पुढच्या अभ्यासात अनेक मांजरं दिसतात. उलट बाजूला दक्षिण अटलांटिकमधलं दक्षिण जॉर्जिया बेट : जहाजांबरोबर आलेले उंदीर तिथे दोन शतकं राहिले. मग हेलिकॉप्टरमधून विषारी दाणे टाकले, वास काढणारे कुत्रे नेऊन तपासलं, आणि २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त झालं. गेलेला पिपिट हा गाणारा पक्षी परत आला. हेलिकॉप्टर आणि विष आपल्या हातचं नाही, आणि एकट्याने करायचंही नाही. दोरावरची तबकडी आहे.

उतरताना बॅगा पाठीवर, जमिनीवर नाहीत. पायऱ्यांच्या कडेची आघाड्याची बोंडं मोज्यांना लागतात, ती लाँचवर बसल्यावर काढून पाण्यात टाकू नयेत. पाकिटात ठेवावीत.

बुधवार. पुन्हा नौपाडा

बूट आधी कोरडे, मग ओले. मागच्या बुधवारसारखंच, फक्त आता बाहेरून आलेल्या बाजूने. चादर पसरून बॅग झटकली तर कोपऱ्यात दोन मुंग्या आणि चिप्सचा चुरा. चादर बाल्कनीतून झटकायची नाही, खाली सोसायटीची बाग आहे. चारही टोकं आत घेऊन पुरचुंडी करायची, तिच्यात जे आहे ते बंद पिशवीत, मग चादर गरम पाण्यात. बॅगा माळ्यावर चढवल्या, त्यांच्याशेजारी कुटाने भरलेली नवी चावपत्ती, तारीख पेनाने लिहून.